तीन बॅले, दोन मध्यंतरं

२९ मे १९१३ च्या रात्री पॅरिसमध्ये एका बॅलेवरून भर नाट्यगृहात दंगा झाला, ही कथा बऱ्याच जणांच्या कानावर आलेली असते. इगोर स्ट्राविन्स्कीचं संगीत, वास्लाव निजिन्स्कीची नृत्यरचना, ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ हे नाव, आणि वाद्यवृंदाचा आवाज बुडून जावा असा प्रेक्षकांचा गलका. या कथेत एक गोष्ट सांगायची राहून जाते. त्या रात्री तेआत्र दे शांझेलिझेच्या रंगमंचावर एकूण चार बॅले झाले. पडदा उघडला तो ‘ले सिल्फीद’वर. ‘राइट’ दुसऱ्या क्रमांकावर होता. त्यानंतर ‘ल स्पेक्त्र द ला रोझ’ आणि शेवटी ‘प्रिन्स इगोर’ या ऑपेरातली पोलोव्हत्सी टोळीची नृत्यं. दंग्यापायी कार्यक्रम गुंडाळला गेला नाही. उरलेले दोन्ही बॅले ठरल्याप्रमाणे पार पडले.

त्या दंग्यात ‘ले सिल्फीद’चा मोठा वाटा होता, असं माझं मत आहे.

‘ले सिल्फीद’मध्ये गोष्ट नाही. शोपँच्या पियानोरचना वाद्यवृंदासाठी बांधलेल्या, चांदण्यातलं रान, पोटरीपर्यंत येणारे पांढरे झिरझिरीत घागरे घातलेल्या नर्तकी, त्यांच्या पाठीवर इवलेसे पंख आणि त्यांच्यात एकटा पुरुष, कवी. हात इतके गोलाईने फिरतात की कोपर नेमकं कुठे वाकलं ते कळत नाही. पाऊल टेकतं तेव्हा आवाज होत नाही. जवळजवळ अर्धा तास डोळ्यांना या मऊपणाची सवय लागते, मग मध्यंतर होतं. पडदा पुन्हा उघडतो तेव्हा त्याच संचातले नर्तक निकोलस रोरिकने आखलेले, रंगीत नक्षीचे लोकरी अंगरखे घालून उभे असतात. गुडघे वाकलेले, माना कललेल्या, पायांचे अंगठे एकमेकांकडे वळलेले. ते उड्या मारतात आणि सगळा भार जमिनीवर धपकन टाकतात. (हाच रोरिक पुढे कुलू खोऱ्यात नग्गरला येऊन स्थायिक झाला आणि १९४७ मध्ये तिथेच वारला.)

खुब्यापासून पाय बाहेरच्या बाजूला वळवणं हा बॅलेच्या सगळ्या शिक्षणाचा पाया. लहानपणापासून रोज तासन्‌तास घासून ती गोष्ट अंगात मुरवलेली असते. निजिन्स्कीने नेमका तोच पाया उलटा फिरवला. खुद्द नर्तकांनाही ते पचायला जड गेलं होतं. त्यात स्ट्राविन्स्कीचे ताल घडीघडीला बदलणारे, आणि प्रेक्षागृहातल्या आरडाओरड्यामुळे ते ऐकूही येईनात. निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून रशियन भाषेत मात्रा ओरडून सांगत होता. वाद्यवृंदाचा संचालक पिएर माँतो याने मात्र शेवटच्या स्वरापर्यंत हात थांबवला नाही.

आता हाच ‘राइट’ त्या रात्री पहिला असता तर? लोक चिडले असते, तरी ‘आपण पाहायला आलो ते हे नव्हे’ असा जो फसवलं गेल्याचा राग त्या गलक्यात होता, तो इतका धारदार झाला नसता. अर्ध्या तासापूर्वीच सौंदर्याची व्याख्या डोळ्यांसमोर ठेवली गेली होती आणि लगेच ती मोडली गेली.

इथे एक मजेची बाब आहे. त्या प्रेक्षकांना जुनं, ओळखीचं, सुरक्षित वाटलेलं ‘ले सिल्फीद’ तेव्हा पुरतं दहा वर्षांचंही नव्हतं. मिखाइल फोकिनने त्याची पहिली रूपं १९०७ आणि १९०८ मध्ये पीटर्सबर्गला केली आणि १९०९ मध्ये ते पॅरिसला आलं. त्यातले पोशाख १८३२ च्या ‘ला सिल्फीद’मधल्या मारी ताग्लिओनीची आठवण करून देणारे, म्हणून ते जुनं वाटलं. गोष्ट काढून टाकून नुसत्या भाववृत्तीवर बॅले उभा करणं हे फोकिनच्या काळात धाडसच होतं. ते धाडस ‘राइट’च्या शेजारी येऊन बसलं आणि एका रात्रीत अभिजात ठरलं.

या प्रकरणात मला हेच उलगडून दाखवायचं आहे. एका संध्याकाळी तीन किंवा चार वेगवेगळे बॅले मांडले जातात, जुने, मधल्या काळातले, अगदी नवे, तेव्हा ते शेजारी-शेजारी बसल्याने एकमेकांचा अर्थ बदलतात. कोणता आधी, कोणता नंतर हे ठरवणारा माणूस त्या संध्याकाळचा आणखी एक रचनाकार असतो.

ही पद्धत फार जुनी नाही. पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की नाट्यगृहात मारियुस पेतिपाच्या अमदानीत संध्याकाळ बहुतेक एकाच मोठ्या बॅलेला दिलेली असे. ‘स्लीपिंग ब्यूटी’ (१८९०) म्हणजे एक नांदी आणि तीन अंक. पेतिपा आणि लेव इवानोव्ह यांनी १८९५ मध्ये नव्याने बसवलेलं ‘स्वान लेक’ म्हणजे तीन अंक, चार प्रवेश. त्यात राजपुत्र, शाप, दरबार, निरनिराळ्या देशांची नृत्यं, शेवटी नायक-नायिकेचं मोठं युगुलनृत्य, असा सगळा थाट. खर्च झारच्या तिजोरीतून होई. संच, नेपथ्य, पोशाख, वाद्यवृंद, पेन्शन, सगळं सरकारी.

१९१३ ची ती रात्र ज्याने मांडली तो सर्गेई दियागिलेव्ह स्वतः नर्तक नव्हता, संगीतकार नव्हता, चित्रकारही नव्हता. माणसं जमवण्याचं आणि पैसा उभा करण्याचं विलक्षण कसब त्याच्याकडे होतं. १९०८ मध्ये त्याने पॅरिसला ‘बोरिस गोदुनोव्ह’ हा ऑपेरा गायक शाल्यापिनला घेऊन गाजवला. पुढच्या वर्षी ऑपेरा आणि बॅले दोन्ही न्यायचं ठरलं. पण १९०९ च्या फेब्रुवारीत त्याचा पाठीराखा ग्रँड ड्यूक व्लादिमिर वारला आणि राजाश्रय आटला. ऑपेरा परवडेना. बहुतेक अख्खे ऑपेरे गळाले आणि त्यांची जागा छोट्या बॅलेंनी भरली. १९ मे १९०९ ला शातले नाट्यगृहात त्याच्या ‘बॅले रूस’ या संचाचा पहिला हंगाम सुरू झाला तो ‘ल पाव्हियाँ दार्मीद’, पोलोव्हत्सी नृत्यं आणि ‘ल फेस्तँ’ नावाची नृत्यांची मालिका अशा मिश्र कार्यक्रमाने. तंगीतून निघालेली वाट पुढे राजमार्ग झाली. दर अर्ध्या-पाऊण तासाच्या बॅलेला वेगळा संगीतकार, वेगळा चित्रकार घेता येऊ लागला. बाक्स्ट, बेन्वा, रोरिक. पुढे पिकासो आणि मातीससुद्धा. अनेक अंकी बॅलेत नवा प्रयोग फसला तर अख्खी संध्याकाळ बुडे. इथे फसला तर पुढचा बॅले सावरून घेई.

आपल्याकडे मैफलीत बडा ख्याल, छोटा ख्याल, मग एखादं नाट्यपद, शेवटी भैरवी, हा क्रम कुणी कागदावर लिहून ठेवलेला नसतो, पण नाट्यपदाने सुरुवात केली तर रसिकांना चुकल्यासारखं वाटतं. दियागिलेव्हला हे भान उपजत होतं. १९१३ च्या त्या रात्री ‘राइट’नंतर त्याने काय ठेवलं होतं पाहा: नाचाच्या समारंभाहून परतलेली मुलगी खुर्चीत झोपी जाते, तिच्या हातातल्या गुलाबाचा आत्मा तिच्याबरोबर नाचतो आणि खिडकीतून झेप घेऊन नाहीसा होतो, असा दहा-बारा मिनिटांचा हळवा बॅले. भाजलेल्या जागी लोणी लावावं तसा. आणि मग शेवटी धनुष्यं नाचवणाऱ्या पोलोव्हत्सी योद्ध्यांचा जल्लोष. लोक घरी जाताना अंगात ताल घेऊन जावेत, ही त्याची योजना.

निजिन्स्कीच्या ‘राइट’चे पॅरिस आणि लंडन मिळून मोजकेच प्रयोग झाले आणि ती नृत्यरचना विस्मरणात गेली. मिलिसेंट हॉडसन आणि केनेथ आर्चर यांनी रेखाचित्रं, आठवणी, स्वरलेखनावरच्या नोंदी यांचा वर्षानुवर्षं माग काढून १९८७ मध्ये जॉफ्री बॅलेसाठी लॉस एंजेलिसमध्ये तिची पुनर्रचना केली. पण तोवर त्या संगीताने स्वतःचं घराणंच निर्माण केलं होतं. त्यातल्या एका शाखेकडे पुढे येईन.

दियागिलेव्हच्या पहिल्या हंगामातली आना पाव्हलोव्हा त्याच्यापासून लवकरच वेगळी झाली. तिने स्वतःचा संच काढला आणि जगभर फिरवला. १९२२-२३ च्या आशिया दौऱ्यात ती मुंबई-कलकत्त्यालाही येऊन गेली. तिचा कार्यक्रमही मिश्रच असे, एखादा छोटा बॅले आणि मग सुट्या नृत्यांची माळ. पण त्या माळेचा दोरा ती स्वतः होती. सां-सांसच्या चेलोसाठीच्या रचनेवर फोकिनने तिच्यासाठी बसवलेला मरणाऱ्या हंसाचा तुकडा काही मिनिटांचाच. लोक त्यासाठीच येत. भारतातून परतल्यावर १९२३ मध्ये तिने लंडनला ‘अजंठाज फ्रेस्कोज’ हा बॅले केला. त्याच वर्षीच्या ‘ओरिएंटल इम्प्रेशन्स’मध्ये तरुण उदय शंकर तिच्याबरोबर कृष्ण झाला आणि ती राधा. अजिंठ्याची लेणी लंडनच्या बॅलेमंचावर गेली, ही आपल्या दृष्टीने अभिमानाची बाब खरी. तरी कार्यक्रमाच्या रचनेपुरतं बोलायचं तर मला दियागिलेव्हची पद्धत जास्त भावते. पाव्हलोव्हाच्या संध्याकाळी कलावतीला उजाळा मिळे, दियागिलेव्हच्या संध्याकाळी कृतींमध्ये वाद झडे.

हा वाद अमेरिकेत नेला जॉर्ज बॅलन्शीनने. दियागिलेव्हकडचा तो शेवटचा मोठा नृत्यरचनाकार. १९२९ मध्ये दियागिलेव्ह व्हेनिसला वारला आणि संच फुटला. कलांचा आश्रयदाता लिंकन कर्स्टीन याच्या बोलावण्यावरून १९३३ मध्ये बॅलन्शीन न्यूयॉर्कला आला, जानेवारी १९३४ मध्ये शाळा उघडली आणि लगेच विद्यार्थिनींना रंगमंचाची जाण यावी म्हणून चायकोव्हस्कीच्या संगीतावर एक बॅले बसवायला घेतला. पहिल्या संध्याकाळी सतरा मुली आल्या, म्हणून सुरुवात सतरा मुलींची. एकदा एक मुलगी उशिरा आली. ते येणं बॅलेत घेतलं. एक पडली आणि रडली. ते पडणंही घेतलं. १० जून १९३४ ला न्यूयॉर्कजवळ व्हाइट प्लेन्सला एका धनिकाच्या आवारात, उघड्यावर, त्याचा पहिला प्रयोग झाला. हा ‘सेरेनाड’.

त्याची सुरुवात एकदा नीट पाहावी. पडदा उघडतो तेव्हा सतरा जणी दोन तिरप्या चौकोनांत उभ्या असतात, चौकोन एका टोकाशी जोडलेले. उजवा हात तिरका वर, तळवा बाहेर, जणू डोळ्यांवर येणारा प्रकाश अडवलेला. पावलं समांतर, रस्त्यावर कुणीही उभं राहतं तशी. मग मनगट मोडतं, हात हळूहळू कपाळाकडे येतो, छातीशी येतो. आणि एका क्षणी सतराही जणींची पावलं एकदम बाहेर वळतात. टाचा जुळलेल्या, अंगठे दोन दिशांना: बॅलेची पहिली स्थिती. रस्त्यावरच्या मुली आपल्या डोळ्यांदेखत नर्तकी होतात. गोष्ट नाही, पात्र नाही, आणि तरी माणूस बॅलेत पाऊल टाकतो तो क्षण पकडलेला.

बॅलन्शीन आणि कर्स्टीनच्या संचाने ११ ऑक्टोबर १९४८ ला न्यूयॉर्क सिटी बॅले या नावाने पहिली संध्याकाळ सादर केली तीही तीन बॅलेंची. बाखच्या दोन व्हायोलिनांच्या कॉन्चेर्तोवर ‘कॉन्चेर्तो बारोक्को’, स्ट्राविन्स्कीचा ‘ऑर्फियस’ आणि बिझेने सतराव्या वर्षी लिहिलेल्या सिंफनीवरचा ‘सिंफनी इन सी’. हा क्रम विचारपूर्वक वाचावा. आधी शुद्ध रचना, मग मृत्यूच्या दारातून बायकोला परत आणू पाहणाऱ्या गायकाची गोष्ट, शेवटी सगळा संच रंगमंचावर आणणारी रोषणाई. मधला बॅले काळोखाचा. त्याच्या आधी आणि नंतर उजेड असल्यामुळे तो काळोख सोसवतो आणि उठूनही दिसतो.

त्यानंतर ‘आगोन’ (१९५७) आला. बारा नर्तक, साधे काळे-पांढरे तालमीचे कपडे, मोकळा रंगमंच, स्ट्राविन्स्कीचं कडक, तुटक संगीत. त्यातलं संथ युगुलनृत्य डायना ॲडम्स ही गोरी नर्तकी आणि आर्थर मिचेल हा कृष्णवर्णीय नर्तक यांच्यासाठी बांधलेलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत वंशभेदाचे कायदे लागू असतानाचा हा काळ. रंगमंचावर दोघांची त्वचा, बोटं, पोटऱ्या एकमेकांत गुंतलेल्या, आणि घोषणा मात्र कसलीच नाही. याच मिचेलने पुढे १९६९ मध्ये डान्स थिएटर ऑफ हार्लेम उभं केलं. ‘आगोन’ला आधी ‘सेरेनाड’ दिलं तर प्रेक्षकाला कळतं की ही कोरडी भूमिती त्याच माणसाची आहे, ज्याने चायकोव्हस्कीवर चांदणं शिंपलं होतं. आणि १९६७ च्या ‘ज्युएल्स’मध्ये तर त्याने मिश्र कार्यक्रमच एका नावाखाली बांधला. पाचू फोरेच्या संगीतावर, माणिक स्ट्राविन्स्कीच्या, हिरे चायकोव्हस्कीच्या. तीन देश, तीन शैली, एकच संध्याकाळ.

आता जरा विंगेत जाऊ. असा कार्यक्रम नर्तकाच्या शरीराकडून काय मागतो, हे समोर बसून कळत नाही.

दिवस सुरू होतो वर्गाने. पोचलेला नर्तक असो की नवखा, रोज सकाळी दांडीला हात लावून प्लीए, म्हणजे गुडघे वाकवण्यापासून सुरुवात. मग तालमी. एका खोलीत ‘सेरेनाड’ची, पाठ सरळ आणि छाती उचललेली, तासाभराने दुसऱ्या खोलीत अशी रचना की जिच्यात पाठीचा कणा लाटेसारखा फिरवायचा, जमिनीवर लोळायचं, शरीराचा भार दुसऱ्याच्या अंगावर टाकायचा. एकीकडे वजन लपवायचं, दुसरीकडे दाखवायचं. स्नायूंचा कामाचा प्रकारच बदलतो, आणि दुखापती बहुतेक या ये-जा करण्यात होतात.

पायाच्या बोटांच्या टोकावर नाचण्यासाठीचे पॉइंट शूज हा वेगळाच संसार. वरून गुळगुळीत साटीन, आत बोटांभोवती कापड, कागद आणि खळ यांचे थर देऊन कडक केलेली पेटी. नवीन जोड आला की नर्तकी तो जमिनीवर आपटते, तळ वाकवून मऊ करते, नाड्या आणि इलॅस्टिक स्वतःच्या हाताने शिवते, टोकावर जाड दोऱ्याने टाके घालते म्हणजे पाय घसरू नये. मोठ्या भूमिकेत एका प्रयोगात एक जोड मरतो. दुसऱ्या बॅलेला तीच नर्तकी अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर. मधे वीस मिनिटं. तेवढ्यात पायाची पट्टी सोडायची, केसांचा घट्ट अंबाडा उतरवायचा, चेहरा पुसायचा, घोटा गरम ठेवायचा.

नव्या पिढीला शाळेतच दोन्ही बाजू शिकवाव्या लागतात. मुंबईचे अमिरुद्दीन शाह आणि मनीष चौहान यांची वाट मला म्हणूनच लक्षणीय वाटते. रस्त्यावरच्या आणि ब्रेकडान्सच्या उड्यांमधून आलेली ही मुलं इस्रायली-अमेरिकी गुरू येहुदा माओर यांच्या हाताखाली मुंबईतच बॅलेचं व्याकरण शिकली. अमिरुद्दीन २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोचला. सूनी तारापोरवाला यांचा ‘ये बॅले’ (२०२०) हा चित्रपट त्यांच्यावरच आहे आणि त्यात मनीषने स्वतःवर बेतलेली भूमिका केली आहे. जमिनीची भीती नसलेलं शरीर आज बॅले संचांना हवंच आहे.

क्रम ठरवण्यात कला असते तशी निव्वळ सोयही असते. ‘राइट’चा वाद्यवृंद शंभराच्या घरातला, वादनकुंडात तेवढी माणसं बसवायची तर आधीच्या बॅलेत त्यातले निम्मे मोकळे बसतात. कुठे संगीत ध्वनिमुद्रित, कुठे नुसता पियानो. आणि याची सगळ्यात टोकाची गोष्ट म्हणजे पिना बाउशचा ‘राइट’. ३ डिसेंबर १९७५ ला जर्मनीतल्या वुपरटालमध्ये तिने स्ट्राविन्स्कीच्या संगीताची तीन भागांची संध्याकाळ केली, त्यातला हा शेवटचा भाग. रंगमंचभर काळपट ओली माती. मध्यंतरात प्रेक्षकांपैकी जे बाहेर जात नाहीत त्यांना दिसतं ते असं: मंचकामगार माती ओतून घेतात, दंताळ्यांनी सारखी करतात, कडा दाबतात. नाच सुरू होतो. पातळ झग्यातल्या बायका, उघड्या छातीचे पुरुष. माती घामाने अंगाला चिकटते, चेहऱ्याला लागते, श्वासात जाते. कुणाला बळी द्यायचं ते ठरेपर्यंत एक लाल झगा हातोहात फिरत राहतो, आणि तो हातात येताच प्रत्येकीचा चेहरा बदलतो. पॅरिस ऑपेराच्या बॅले संचाने १९९७ मध्ये ही रचना आपल्या भांडारात घेतली. मिश्र कार्यक्रमात ती शेवटीच ठेवावी लागते, कारण तेवढी माती आवरून लगेच दुसरा बॅले लावणं अवघड. सुदैवाने कलेचीही तीच मागणी आहे. तिच्यानंतर दुसरं काही पाहवत नाही.

जुनं नाचायचं तर तेही हवेतून मिळत नाही. बॅलन्शीन १९८३ मध्ये वारला; १९८७ मध्ये स्थापन झालेला त्याच्या नावाचा ट्रस्ट त्याच्या बॅलेंची परवानगी देतो आणि सोबत बसवून देणारा माणूसही पाठवतो. तो माणूस स्वतः ते नाचलेला असतो. चित्रफिती असतात, बेनेशसारख्या नृत्यलिपी असतात, पण मनगट नेमकं केव्हा मोडायचं हे एका शरीराकडून दुसऱ्या शरीराकडे जातं. गुरुमुखी विद्येची सवय असलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये.

तिकीटबारीचं गणित मात्र निष्ठुर आहे. ‘स्वान लेक’ किंवा नाताळातलं ‘नटक्रॅकर’ नावावर खपतं. तीन अनोळखी नावांची संध्याकाळ खपवावी लागते. न्यूयॉर्क सिटी बॅले १९५४ पासून बॅलन्शीनचं ‘नटक्रॅकर’ करत आलं आहे आणि त्या गल्ल्यावर हंगामातले इतर प्रयोग उभे राहतात. म्हणूनच बरेच संच नवी कृती मधे दडवतात. पहिला बॅले ओळखीचा म्हणजे लोक वेळेवर येतील, तिसरा धमाल म्हणजे लोक थांबतील, मधे कडू गोळी. ही पद्धत मला पटत नाही. प्रेक्षकाच्या बुद्धीवर अविश्वास दाखवून लावलेला क्रम समोर बसलेल्याला जाणवतोच.

याउलट उदाहरण म्हणजे लंडनच्या रॉयल बॅलेचा मार्च २०१७ मधला कार्यक्रम. डेव्हिड डॉसनचं ‘द ह्यूमन सीझन्स’, क्रिस्टोफर व्हीलडनचं ‘आफ्टर द रेन’ आणि क्रिस्टल पाइटचं अगदी नवं ‘फ्लाइट पॅटर्न’. नव्या कृतीला शेवटचा मान. गोरेत्स्कीच्या शोकगीतांच्या सिंफनीवर छत्तीस नर्तक, अंगात जाडेभरडे कोट, निर्वासितांची रांग. छत्तीस माणसं एकाच श्वासात झुकतात आणि त्यातून एक बाई वेगळी होते, तिच्या हातात कोटांचं ओझं येत जातं. अशी रांग बॅलेला नवी नाही. ‘स्वान लेक’मधल्या हंसींची रांग प्रत्येक प्रेक्षकाच्या ओळखीची आहे. पाइटने ती रांग सरोवराकाठून उचलून सरहद्दीवर आणली.

मला स्वतःला एक जोडी लावून पाहावीशी वाटते. पेतिपाच्या ‘ला बायादेर’मधला (१८७७) छायांचा प्रवेश आणि विल्यम फोर्साइथचं ‘इन द मिडल, समव्हॉट एलिव्हेटेड’. ‘ला बायादेर’ भारतात घडतो, पीटर्सबर्गच्या कल्पनेतल्या भारतात. त्यातल्या देवदासी आणि राजे आपल्याला ओळखू येणार नाहीत. पण छायांच्या प्रवेशाला भूगोल लागत नाही. म्हणूनच नर्तक नुरेयेव्हने १९६३ मध्ये तो तेवढाच सुटा काढून रॉयल बॅलेसाठी बसवला. अंधाऱ्या उतारावरून एक नर्तकी येते, एका पायावर झुकते, दुसरा पाय मागे सरळ ताणते, ही अरबेस्क मुद्रा. सावरते, दोन पावलं येते, पुन्हा तेच. तिच्यामागून दुसरी, तिसरी, दहावी, विसावी. पहिलीला तीच मुद्रा कितीतरी वेळा, तितक्याच संथपणे, तोल तसूभरही न ढळता करावी लागते.

‘इन द मिडल’ही नुरेयेव्हच्याच मागणीवरून पॅरिस ऑपेरासाठी १९८७ मध्ये झालं, सिल्व्ही गिलेम, इझाबेल गेरँ, लोराँ इलेर, मान्युएल लेग्री अशा तरुण नर्तकांवर. रिकामा मंच, हिरवट तंग कपडे, टॉम विलेम्सचं धाडधाड कोसळणारं इलेक्ट्रॉनिक संगीत. मंचाच्या मधोमध, जरा उंचावर, दोन सोनेरी चेरी टांगलेल्या. बॅलेचं नाव त्यावरूनच आलं. नर्तक सहज चालत येतात, एकमेकांना जोखतात आणि अचानक तीच अरबेस्क करतात. पण खुबा अक्षाबाहेर ढकललेला, पाय जिथे थांबायला हवा त्याच्या पुढे गेलेला, तोल जाईल तिथपर्यंत ताणलेला. छाया पाहून लगेच हे पाहिलं तर फोर्साइथने पेतिपाची भाषा टाकलेली नाही हे दिसतं. तिच्या प्रत्येक शब्दावर त्याने शरीराचं वजन टाकून पाहिलं आहे. आणि उलट्या क्रमाने पाहिलं तर छायांच्या त्या संथ रांगेत किती धोका भरलेला आहे ते कळतं. मी दुसरा क्रम निवडेन. नवं आधी, जुनं नंतर. अभिजात बॅले निवांत असतो हा गैरसमज त्यानेच मोडेल.

बाउशच्या ‘राइट’चं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पिना बाउश फाउंडेशन, लंडनचं सॅडलर्स वेल्स आणि सेनेगलमधली जर्मेन आकोन्यी यांची ‘एकोल दे साब्ल’ ही नृत्यशाळा यांनी मिळून आफ्रिकेतल्या चौदा देशांतले नर्तक निवडले आणि त्यांच्यावर ही रचना बसवली. कुणी शहरातल्या हिपहॉपमधून आलेलं, कुणी पारंपरिक नृत्यातून, कुणी बॅले शिकलेलं. मार्च २०२० मध्ये डाकारला पहिला प्रयोग व्हायचा होता, तोच महामारीमुळे सगळं बंद झालं. घरी पांगण्याआधी त्यांनी तूबाब दियालाव गावाच्या समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत, पूर्ण तालीम केली आणि तिचं चित्रीकरण झालं. प्रयोग २०२१ मध्ये माद्रिदपासून सुरू झाले.

त्या दौऱ्यात ‘राइट’ एकट्याने आलं नाही. आधी ‘कॉमन ग्राउंड्स’ नावाची रचना ठेवली होती. सत्तरी गाठलेल्या दोन बायका, आकोन्यी आणि बाउशच्या सुरुवातीच्या संचातली मालू एरोदो, काठ्या, दगड, बादली अशा वस्तूंच्या सोबतीने हळूहळू हालचाल करतात, एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवतात, बसतात, उठतात. मग मध्यंतर, माती, आणि तीसहून अधिक तरुण शरीरं. म्हाताऱ्या बायका आधी पाहिलेल्या असतात, म्हणून बळीसाठी निवडलेली ती मुलगी लाल झगा घालते तेव्हा म्हातारपण तिच्या वाट्याला येणारच नाही, हे कुणी न सांगता प्रेक्षकाला समजतं. बाउशच्या १९७५ च्या रचनेत हा अर्थ होताच. तो इतका उघड झाला तो आधी ठेवलेल्या त्या अर्ध्या तासामुळे.